कबिनीचे हत्ती बघायचे तर एप्रिल-मे

पेंच-ताडोबाच्या सवयीने आपल्या नागपूरकरांना जंगल म्हणजे वाघच. कर्नाटकातल्या नागरहोळेला जाताना तो हट्ट घरीच ठेवा. उन्हाळ्यात या जंगलाला लागून असलेल्या कबिनी धरणाचं पाणी ओसरतं, उघड्या पडलेल्या काठावर कोवळं गवत उगवतं आणि आतली डबकी आटल्याने हत्तींचे कळप तिथं उतरतात. पिल्लं मोठ्यांच्या पायापायांत घुटमळत असतात. जमलं तर बोटीची फेरी घ्या. बुडालेल्या झाडांच्या वाळक्या खोडांवर पंख पसरून ऊन खाणारे पाणकावळे जवळून दिसतात. दुर्बीण हवीच. सफारीच्या दारांपैकी दम्मनकट्टे आणि नाणच्ची ही दोन लक्षात ठेवा. कबिनीसाठी पहिलं, मुक्काम त्याच बाजूला घ्या. सफारी सुरू आहे ना, हे मात्र रेल्वेचं तिकीट काढण्याआधी विचारा.