निवृत्त विमानाच्या पत्र्यापासून स्मृतिपट्टी कशी घडवावी

जर्मनीतील एव्हिएशनटॅग आणि कॅलिफोर्नियातील मोटोआर्ट या कंपन्या निवृत्त प्रवासी विमानांच्या बाह्य पत्र्यापासून किल्लीच्या कडीत अडकवण्याजोग्या छोट्या क्रमांकित पट्ट्या बनवून विकतात. तशी पट्टी स्वतः बनवायची असल्यास पत्रा घेतानाच विमानाचा नोंदणी क्रमांक आणि पत्रा विमानाच्या कोणत्या भागातून कापला याचा लेखी दाखला मागून घ्यावा. त्यावाचून ती वस्तू निव्वळ भंगार ठरते. बोइंग ७४७ सारख्या जुन्या विमानांची काया ॲल्युमिनियमची असते, तर ७८७ ची मुख्यत्वे कार्बन तंतूंची असल्याने ती या कामाला उपयोगाची नाही.

सर्वांत जपण्याची गोष्ट म्हणजे रंगाखालचा, बहुधा हिरवट-पिवळा अस्तराचा थर. त्यात बहुतेक वेळा क्रोमेट (क्रोमियम धातूचे विषारी संयुग) असते आणि त्याची धूळ श्वासावाटे शरीरात गेल्यास कर्करोगाचा धोका संभवतो. म्हणून पत्रा कोरडा घासू नये; तो पाण्याने ओला ठेवून हातकरवतीने सावकाश कापावा, योग्य मास्क व हातमोजे वापरावेत आणि उरलेला चुरा गटारात न सोडता घातक कचरा म्हणून वेगळा द्यावा. अक्षरे लेझरने कोरण्याऐवजी पोलादी ठशांनी ठोकावीत, कारण लेझरच्या उष्णतेने तोच थर जळून धूर होतो.

कडा ओल्या पॉलिश कागदाने गुळगुळीत कराव्यात आणि कडीसाठी एक भोक पाडावे. ओरखडे व रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या) खुणा मात्र पुसू नयेत. माझ्या मते चकचकीत पट्टीपेक्षा झिजलेल्या रंगाची पट्टीच अधिक मोलाची. शेवटी पारदर्शक लाखेचा हात द्यावा.