डावखुऱ्याने कमरेचं छोटं हत्यार निवडताना

कमरेचं छोटं हत्यार म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर. ते निवडताना आधी डोळा तपासा. दोन्ही तळवे जोडून मधे लहानशी फट ठेवा, तिच्यातून समोरच्या निंबाचा शेंडा धरा आणि एकेक डोळा मिटून पाहा. ज्या डोळ्याला शेंडा जागेवर दिसतो तो तुमचा नेमाचा डोळा. हात डावा आणि डोळा उजवा निघाला तरी छोट्या हत्याराला फारसं बिघडत नाही, मान किंचित वळवली की भागतं.

परवान्याचे कागद नेहमीचेच. गावाकडच्या माणसाचा अर्ज नमुना ए-१ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांकडे, सोबत नमुना एस-१ चं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, मग पोलीस ठाण्याची चौकशी. अर्जात कारण खरं लिहा. कापसाचे, तुरीचे पैसे घेऊन रात्री बाजार समितीतून परतावं लागतं, हे कारण आहे. रानडुक्कर हे या हत्याराचं कारण नाही. त्याच्यासमोर ते तोकडं पडतं आणि वन्यजीव कायदा वेगळाच लागतो.

आता निवड. व्हिडिओत डावखुऱ्यांसाठी म्हणून दाखवतात ती बहुतेक ९ मिलिमीटरची पिस्तुलं, आणि तो बोअर, म्हणजे नळीच्या छिद्राचं माप, आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळत नाही. आपली निवड मुख्यतः .३२ इंची बोअरमध्ये. त्यात पिस्तूल की रिव्हॉल्व्हर, हे ठरवताना गोळी कशी सुटते एवढंच पाहू नका. रिकामं कसं करता येतं ते आधी पाहा, कारण डावखुऱ्याची खरी अडचण तिथेच आहे.

पिस्तुलाची रिकामी काडतुसं उजवीकडे उडतात. डाव्या हाताने एकहाती झाडलं की डोकं हत्याराच्या उजवीकडे येतं, म्हणजे गरम पितळ चेहऱ्याच्या बाजूला. मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, सोडायचं बटण बहुधा डाव्या अंगाला असतं. डाव्या तर्जनीने ते दाबता येतं, सवयीने सोपंही जातं. पण सुरक्षेचा खटका डाव्याच अंगाला असला, तर डावा अंगठा तिथे पोचत नाही. शिवाय डाव्या कमरेला लावल्यावर ही डावी बाजू बाहेर येते आणि खुर्चीच्या हातावर, जीपच्या दारावर घासते. म्हणून खटका दोन्ही बाजूंना आहे का आणि बटण बदलून बसवता येतं का, हे दुकानात विचारा.

रिव्हॉल्व्हरमध्ये यातलं बरंचसं नसतंच. चाप दोन्ही हातांना सारखा, पितळ उडत नाही. तरी उघडण्याची पद्धत पाहा. कानपूरचं २०१४ मध्ये आलेलं निर्भीक नावाचं रिव्हॉल्व्हर सुमारे ५०० ग्रॅमचं, नळी खाली वाकवून उघडायचं. उघडण्याचा खटका दाबायला उजवा अंगठा न्यायचा, एवढंच. काडतुसं सरळ वर येतात, डावंउजवं राहत नाही. २०२३ चं प्रबल हे रिव्हॉल्व्हर सुमारे ७०० ग्रॅमचं, नळी ७६ मिलिमीटर, त्याचं काडतुसांचं चक्र बाजूला निघतं. ही सोय उजव्या हाताला धरून केलेली असते. डावखुऱ्याला हत्यार हातात फिरवून धरावं लागतं. शिकता येतं, पण मी पहिलं हत्यार वाकवून उघडायचंच घ्या म्हणेन. मला दुकानात दाखवताना प्रत्येक हत्यार उजव्या हातात दिलं गेलं. तुम्ही मागून डाव्या हातात घ्या, ते रिकामं असल्याची स्वतः खात्री करा आणि चाप ओढताना नळीचं टोक हलतं का पाहा. डावखुऱ्याला विळासुद्धा लोहाराला सांगून करून घ्यावा लागतो, इथे संकोच कशाला?

म्यान डाव्या कमरेचं वेगळं करून घ्या, उजव्याचं उलटं लावू नका. चापाचा भाग पूर्ण झाकलेला हवा. नियमही तेच सांगतो: हत्यार म्यानात, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात. एक गोष्ट कुणी सांगत नाही. आपल्या गाडीत चालकाच्या सीटपट्ट्याचं कुलूप डाव्या कमरेशीच येतं, नेमकं म्यानावर. घरून निघण्याआधी पट्टा लावून, सोडून, उतरून पाहा. सोडताना शर्ट वर सरकत असेल तर म्यान थोडं मागे घ्या किंवा शर्ट लांब शिवा. पट्टा काढून गाडी चालवणं हा उपाय नाही.

नवतप्यात, मेअखेरच्या कडक उन्हात, अंगाला चिकटलेलं हत्यार घामाने गंजतं. रात्री रिकामं करून कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा पातळ हात द्या, काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा. किल्ली पोरांना ठाऊक नको.

लग्नाच्या वरातीत ते नेऊच नका. हर्षाच्या, म्हणजे आनंदात झाडलेल्या गोळीला २०१९ च्या कायदादुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत कैद आहे. निवडणुकीत जमा करण्याचा आदेश आला की ठाण्यात द्या, पावती घ्या, आणि परत घेताना नळीवरचा क्रमांक परवान्याशी जुळवून पाहा.