पळसाच्या फुलांचा जलरंग

फाल्गुनात पळसाखाली फुलांचा सडा पडतो. झाडावरची तोडू नका, खाली पडलेली ताजी तेवढी वेचा आणि सावलीत वाळवा.

ओंजळभर वाळलेल्या पाकळ्या अर्धा लिटर पाण्यात स्टीलच्या पातेल्यात अर्धा तास मंद उकळा. लोखंडी भांडं नको, रंग काळवंडतो. नुसता काढा कागदावर फिका पडतो, म्हणून खरं काम पुढे आहे. काढा गाळून गरम असतानाच त्यात दोन चमचे तुरटीची पूड विरघळवा. धुण्याचा सोडा एक चमचा वेगळ्या पाण्यात विरघळवून थोडा थोडा ओता. फेस भराभर वर येतो, तेव्हा पातेलं मोठंच घ्या. फेस बसला की पाणी गढूळ होतं आणि रात्रभरात तळाशी पिवळा साका जमतो. हा क्षण मला दरवर्षी तितकाच आवडतो!

वरचं पाणी ओतून द्या, साका दोनदा धुवा, सुती कापडातून गाळा, वाळवा आणि खलात अगदी पिठासारखा घोटा. बाभळीचा डिंक दुप्पट पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्या. पुडीत तो थेंबाथेंबाने घालत काचेवर घोटा. मधाचे दोन थेंब घातले की वडीला भेगा पडत नाहीत, लवंग तेलाच्या थेंबाने बुरशी लागत नाही. शिंपल्यात भरून वाळू द्या.

उन्हात हा रंग उडतो, त्यामुळे चित्र भिंतीवर न लावता वहीत ठेवा.