मासळीच्या नोंदीचं ॲप: १ ऑगस्टआधी कीबोर्ड लावून घ्या

मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. होड्या शाकारलेल्या असतात, जाळी सांधायचं काम चालू असतं, तेवढ्यात लिलावाच्या नोंदीचं ॲप बनवणाऱ्यांनी प्रत्येक रकान्याला योग्य कीबोर्ड येतो का तेही तपासून घ्यावं. हंगाम लागला की रत्नागिरीच्या मिरकरवाडा जेट्टीवर ओल्या बोटांनी कीबोर्ड बदलत बसायला कुणाला सवड नसते.

आधी ॲपमधले सगळे रकाने कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे तिथे नेमकं काय टाइप होणार ते लिहा. नुसतं ‘आकडे’ लिहून भागत नाही. क्रेट मोजायचे तर पूर्णांक, म्हणजे नंबर पॅड. वजन साडेबारा किलो भरलं की टिंब लागणार, म्हणून आयफोनवर डेसिमल पॅड आणि अँड्रॉइडवर नंबर-डेसिमल. अँड्रॉइडवर नुसतं ‘नंबर’ ठेवलं तर होणारा घोळ चटकन लक्षात येत नाही: कीबोर्डवर टिंबाची कळ दिसते, माणूस ती दाबतोही, पण रकाना टिंब घेत नाही. १२.५ दाबल्यावर १२५ उमटतं आणि सुरमईचं बिल दसपट होतं. शीतगृहाचं तापमान नोंदवत असाल तर उणे १८ लिहिता आलं पाहिजे. आयफोनच्या डेसिमल पॅडवर उणे चिन्हच नाही. तिथे आकडे-विरामचिन्हांचा कीबोर्ड द्या किंवा रकान्याशेजारी अधिक-उणेचं वेगळं बटण ठेवा. अँड्रॉइडवर ‘साइन्ड’ हा पर्याय जोडायला विसरू नका.

आयफोनच्या नंबर पॅडला ‘रिटर्न’ कळ नसते. वर एक पट्टी जोडून त्यात ‘पुढे’ आणि ‘झालं’ द्या, नाहीतर माणूस त्याच रकान्यात अडकून पडतो. अँड्रॉइडला तीच सोय ॲक्शन-नेक्स्ट आणि ॲक्शन-डन यांनी होते.

मोबाइल नंबरला फोन पॅड, यात वाद नाही. घोटाळा होतो तो लांबीच्या मर्यादेत. संपर्कयादीतून चिकटवलेला नंबर अनेकदा +९१ आणि मोकळ्या जागांसकट येतो. मर्यादा १० ठेवली असेल तर शेवटचे आकडे गुपचूप कापले जातात. मर्यादा सैल ठेवा, आकडे सोडून बाकी सगळं गाळा, १२ आकडे उरले आणि सुरुवातीला ९१ असेल तर ते काढा, मग १० आकडे आहेत आणि पहिला ६ ते ९ मधला आहे हे बघा.

ओटीपी दिसतो संख्येसारखा, पण तो संख्या नव्हे. पहिला आकडा शून्य असेल तर संख्या म्हणून साठवताना तो गळतो, म्हणून रकाना मजकुराचाच ठेवून फक्त कीबोर्ड आकड्यांचा मागा. वेब पानात त्यासाठी ‘इनपुटमोड न्यूमेरिक’ ही सूचना आहे. बँकेच्या शाखेचा आयएफएससी कोड ११ अक्षरांचा: पहिली ४ अक्षरं, पाचवं शून्य, पुढे ६ अक्षरं किंवा आकडे. त्याला नंबर पॅड देऊ नका, ऑटोकरेक्ट बंद करा. ‘सगळी कॅपिटल’ ही सूचना फक्त शिफ्ट दाबून ठेवते, सक्ती करत नाही. कॅपिटल अक्षरांत बदलण्याचं काम ॲपच्या प्रोग्राममध्येच करा. यूपीआय आयडीला ईमेलचा कीबोर्ड सोयीचा, कारण @ समोरच असतो. ईमेलची तपासणी मात्र लावू नका. @ नंतर टिंब नसल्यामुळे बरोबर आयडीही ती नाकारेल.

तांडेलाचं (होडीच्या प्रमुखाचं) आणि होडीचं नाव साध्या कीबोर्डवरच लिहू द्या. ईमेल किंवा फक्त-रोमन कीबोर्ड दिला की मराठी टाइप करणाऱ्याची वाट बंद होते. लांबीही जपून ठरवा: ‘लक्ष्मी’ दिसायला दोन अक्षरं, पण मोजणीत जोडचिन्हं आणि मात्रा धरून ७ भरतात. २० ची मर्यादा मराठी नावाला हां हां म्हणता संपते.

देवनागरी आकड्यांकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. मराठी कीबोर्डवरून कुणी १२ लिहिलं तर ॲप कुठल्या प्रोग्रामिंग भाषेत आहे त्यावर पुढचं ठरतं: जावा ते बिनबोभाट बारा समजते, जावास्क्रिप्टला ती संख्याच वाटत नाही आणि डार्ट चूक दाखवून थांबते. आयफोनवर फक्त इंग्रजी आकड्यांचा ‘आस्की नंबर पॅड’ मागता येतो, तरी आकडे इंग्रजी आकड्यांत बदलून मगच हिशेबाला घ्या. आयफोनवर आणि वेब पानातल्या इनपुटमोडमध्ये कीबोर्डचा प्रकार ही नुसती विनंती आहे. कॉपी-पेस्ट आणि ब्लूटूथ कीबोर्ड तिला जुमानत नाहीत.

चाचणीला लहान पडद्याचा, मराठी कीबोर्ड चालू असलेला एक स्वस्त अँड्रॉइड आणि एक आयफोन घ्या. बोटं पाण्यात बुडवून १२.५, −१८, +९१ सकट चिकटवलेला नंबर आणि देवनागरीतलं वजन, प्रत्येक योग्य रकान्यात भरा. शेवटच्या रकान्यावर आल्यावर ‘जतन करा’ बटण कीबोर्डखाली गेलं तर पडदा सरकण्याची सोय करायची राहिली आहे, ती आधी करा.