ऑक्टोपाय, डेटाज, एक बॅक्टेरिया : लॅटिन शब्दांच्या अनेकवचनात या चुका टाळा

इंग्रजीत सगळ्यात जास्त घोळ होतो तो 'यू-एस'ने संपणाऱ्या शब्दांचा. ॲलम्नसचं ॲलम्नाय होतं, स्टिम्युलसचं स्टिम्युलाय होतं; मग 'यू-एस' दिसला की खोडून 'आय' लावायची सवयच लागते. पण लॅटिनमध्ये असा शेवट असलेली नामं वेगवेगळ्या गटांतली असतात आणि गटाप्रमाणे अनेकवचन बदलतं.

कॉर्पस आणि जीनस नपुंसकलिंगी, म्हणून कॉर्पोरा आणि जेनेरा. स्टेटस आणि ॲपरेटसच्या गटात अनेकवचनही 'यू-एस'नेच संपतं, फक्त स्वर लांबतो. इंग्रजीत सरळ स्टेटसेस, ॲपरेटसेस लिहावं. व्हायरसचं अनेकवचन अभिजात लॅटिनमध्ये सापडतच नाही, तेव्हा 'व्हायराय' नको, व्हायरसेस. ऑक्टोपस मुळात ग्रीक, ऑक्टोपसेस म्हणा. ऑक्टोपोडीज व्याकरणाला धरून आहे, पण उगाच भाव खाणारं वाटतं. इग्नोरेमस तर लॅटिनमध्ये नामही नाही, 'आम्हाला ठाऊक नाही' अशा अर्थाचं क्रियापद आहे. त्याला 'आय' लावला की लिहिणाराच इग्नोरेमस, म्हणजे अडाणी, ठरतो.

सिलॅबसची गंमत वेगळीच. तो शब्दच प्राचीन रोमन लेखक सिसेरोच्या पत्रांच्या जुन्या छापील प्रतींमधल्या चुकीतून जन्मला. त्यामुळे सिलॅबाय की सिलॅबसेस यावर वाद घालण्यात अर्थ नाही, दोन्ही चालतात.

उलट दिशेची चूक म्हणजे अनेकवचन एकवचनासारखं वापरणं : 'अ बॅक्टेरिया', 'धिस क्रायटेरिया', 'ही इज ॲन ॲलम्नाय'. मराठीत बोलताना 'एक क्रायटेरिया' खपून जातो, इंग्रजी वाक्यात खटकतो. तिथे बॅक्टेरियम, क्रायटेरिअन, ॲलम्नस हवं. एका माजी विद्यार्थिनीसाठी ॲलम्ना, अनेकींसाठी शेवटी 'ए-ई'. अजेंडा मात्र लॅटिनमध्ये अनेकवचन असूनही इंग्रजीत पक्का एकवचनी झालाय. अजेंडाज बिनधास्त लिहा. डेटा अधांतरी आहे. शास्त्रीय लेखनात अनेक जण 'डेटा आर' पसंत करतात, एरवी 'डेटा इज' सर्रास चालतं. एका लेखात एकच पद्धत ठेवा. 'डेटाज' कुठेच नको.

काही शब्दांची दोन अनेकवचनं अर्थानुसार वाटली गेली आहेत. पुस्तकाच्या शेवटी असतात ते सहसा इंडेक्सेस, गणितातले इंडिसीज. कीटकांच्या अँटेनाला 'ए-ई', रेडिओच्या अँटेनाला 'एस'. मृतात्म्यांशी बोलल्याचा दावा करणारे मीडियम्स, वृत्तपत्रं आणि वाहिन्या मीडिया. म्युझियम, अल्बम यांना फक्त 'एस'.

'आय-एस'चं 'ई-एस' होतं तिथे उच्चारही बदलतो : क्रायसिस, क्रायसीज, ॲनालिसिस, ॲनालिसीज. त्याच चालीवर 'प्रोसेसीज' आणि 'बायसीज' म्हणू नये, ते शब्द त्या गटातले नाहीत. सीरीज आणि स्पीशीज दोन्ही वचनांत तसेच राहतात. स्पीशीजमधला 'एस' काढला तर उरलेल्या शब्दाचा अर्थ होतो नाण्यांच्या रूपातला पैसा.

यातल्या बऱ्याच चुका स्पेलचेकला दिसत नाहीत. 'धिस क्रायटेरिया'त क्रायटेरियाचं स्पेलिंग अचूकच असतं, चूक आहे शेजारच्या 'धिस'मध्ये. म्हणून मजकूर संपल्यावर क्रायटेरिया, फिनॉमेना, बॅक्टेरिया, मीडिया हे शब्द एकेक करून फाइंडमध्ये टाका आणि प्रत्येक ठिकाणी आधीचं 'धिस' किंवा 'अ' आणि नंतरचं क्रियापद तपासा.