घड्याळाच्या तबकडीवर चमकणाऱ्या खुणा: सुरक्षित पद्धत

चोर बाजारात मिळणाऱ्या जुन्या घड्याळाची तबकडी अंधारात चमकत नाही, म्हणून ती निरुपद्रवी आहे असे मानू नये. कारण जुन्या चमकत्या रंगात किरणोत्सर्गी रेडियम आणि त्याच्या किरणांनी उजळणारे झिंक सल्फाइड असू शकते. झिंक सल्फाइड झिजून प्रकाश थांबतो, पण रेडियम-२२६चे अर्धायुष्य (निम्मे उरायला लागणारा काळ) सुमारे १६०० वर्षे असल्याने किरणोत्सर्ग जवळपास तसाच राहतो. असा पिवळट-तपकिरी, भुगा होणारा थर खरवडू नये, त्यावर फुंकर तर मुळीच मारू नये. ते घड्याळ न उघडता दुसरी तबकडी निवडणे उत्तम.

नव्या खुणांसाठी युरोपियम व डिस्प्रोशियम मिसळलेली स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची पूड वापरावी. ती किरणोत्सर्गी नाही, दिव्याखाली धरली की प्रकाश साठवते आणि पुढे काही तास मंद होत चमकते. मात्र तिला पाण्याचे वावडे असते, त्यामुळे मुंबईच्या पावसाळ्यात डबी घट्ट बंद ठेवावी आणि पाण्यात कालवायच्या रंगाऐवजी पारदर्शक, सॉल्व्हंटयुक्त लॅकर (पाणी नसलेले, वार्निशसारखे द्रावण) घ्यावे.

आधी अंकांवर पांढऱ्या रंगाचा हात द्यावा. काळ्या तबकडीवर याने पडणारा फरक लगेच दिसतो. पूड खलू नये, कारण कण बारीक झाले की तेज घटते. मास्क लावून, खिडकी उघडी पण पंखा बंद ठेवून, मिश्रण मधाइतके दाट करावे आणि टूथपिकच्या टोकाने ठिपका ठेवावा. पोकळ काट्यांत ते मागच्या बाजूने भरावे. वाळेपर्यंत वर काचेची वाटी पालथी घालावी.