मणक्यातलं पाणी काढल्यानंतरची डोकेदुखी: या चुका टाळा

मणक्यातलं पाणी तपासायचं ठरलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "नंतर किती तास सपाट झोपवायचं?" खरं तर त्याआधी विचारायला हवं की सुई कोणती वापरणार. लंबर पंक्चरनंतर, म्हणजे कमरेत सुई घालून हे पाणी काढल्यानंतर, डोकं दुखणार की नाही, हे बरंचसं सुई पाठीत असतानाच ठरून गेलेलं असतं. नंतरच्या झोपण्यावर, पाणी पिण्यावर जेवढा भर दिला जातो, त्याच्या निम्मा जरी सुईवर दिला तरी पुष्कळ जणांचा त्रास वाचेल.

दुखण्याचं कारण तसं सरळ आहे. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती साधारण 150 मिलिलिटर पाणी असतं आणि ते ड्युरा नावाच्या आवरणात बंद असतं. सुईने त्या आवरणाला भोक पडतं. ते लगेच मिटलं नाही तर पाणी आतल्या आत झिरपत राहतं, दाब उतरतो, आणि माणूस उठून बसला की मेंदूभोवतीची आवरणं व रक्तवाहिन्या ताणल्या जातात. म्हणून या डोकेदुखीची खूण पक्की असते: उठलं की ठणका, आडवं झालं की थोड्याच मिनिटांत उतार. ती बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत सुरू होते, पण पाचव्या दिवसापर्यंतही येऊ शकते. सोबत मान आखडणं, कानात दडे बसल्यासारखं होणं, मळमळ, उजेड सहन न होणं हेही असतं. तरुणांना, त्यातही बायकांना, बारीक अंगकाठीच्या लोकांना आणि आधीपासून डोकेदुखी असणाऱ्यांना ती जास्त होते. तुम्ही यात बसत असाल तर आधीच डॉक्टरांना सांगा.

चूक पहिली, आणि सगळ्यात महागाची: मेडिकलवाला देईल ती सुई आणणं

ठाणे, कळवा, वाशी, नेरुळ, कुठेही जा, बऱ्याच ठिकाणी वॉर्डातून नातेवाइकांच्या हातात चिठ्ठी दिली जाते आणि सामान खालच्या मेडिकलमधून आणायचं असतं. चिठ्ठीवर नुसतं 'स्पायनल नीडल 22' लिहिलेलं असेल तर हातात बहुतेक वेळा क्विंके पडते. तिचं टोक तिरकं कापलेलं आणि धारदार असतं, ती आवरण कापत आत जाते. दुसरा प्रकार पेन्सिल पॉइंट किंवा ॲट्रॉमॅटिक सुईचा. व्हिटॅकर आणि स्प्रॉट ही त्यातली नेहमीची नावं. तिचं टोक निमुळतं आणि बंद असतं, पाणी बाजूच्या छिद्रातून येतं. ती आवरणाचे तंतू बाजूला सारत जाते, त्यामुळे मागे राहिलेलं भोक लवकर मिटतं. 2018 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या विश्लेषणात 110 चाचण्या आणि 31 हजारांहून जास्त रुग्ण एकत्र पाहिले गेले. साध्या, धारदार टोकाच्या सुईने 11 टक्के लोकांना डोकेदुखी झाली, ॲट्रॉमॅटिक सुईने 4.2 टक्के.

पाकीट हातात घेतलं की एक गोष्ट नीट बघा. सुईच्या मागच्या प्लॅस्टिकचा रंग फक्त जाडी सांगतो: 22 जी काळी, 25 जी नारिंगी, 27 जी करडी (जी म्हणजे गेज; आकडा मोठा तितकी सुई बारीक). टोकाचा प्रकार रंगावरून कळत नाही. काळी क्विंकेही असते आणि काळी व्हिटॅकरही. त्यामुळे पाकिटावरचं नाव वाचायचं. पेन्सिल पॉइंट सुई महाग पडते आणि दर दुकानात हजर नसते, म्हणून तपासणी दुसऱ्या दिवशी असेल तर आदल्या संध्याकाळीच डॉक्टरांना विचारा: "पेन्सिल पॉइंट चालेल का? किती नंबरची आणू?" चिठ्ठीवर तसं लिहून घ्या. आपल्या मनाने सर्वांत बारीक सुई आणू नका. 27 जी मधून पाणी थेंबथेंब येतं, दाब मोजायला आणि नमुना भरायला फार वेळ लागतो. तपासणीसाठी साधारणपणे 22 जी वापरतात, कमरेत भूल देताना 25 ते 27 जी.

सुई देणाऱ्याच्या हातातल्या गोष्टी

हा भाग निवासी डॉक्टरांसाठी. क्विंकेच वापरावी लागली तर तिरक्या टोकाची सपाट बाजू पाठीच्या कण्याला समांतर ठेवा. रुग्ण कुशीवर असेल तर ती वर छताकडे किंवा खाली गादीकडे येते. सुई काढण्याआधी स्टायलेट, म्हणजे सुईच्या पोकळीतली बारीक तार, परत आत घाला. घाईत नेमकं हेच राहून जातं. 1998 च्या एका अभ्यासात स्प्रॉट सुई वापरूनही, स्टायलेट परत न घातलेल्या गटात 16 टक्के लोकांना डोकेदुखी झाली, घातलेल्या गटात 5 टक्के. खर्च शून्य, वेळ दोन सेकंद. आणि दोन-तीनदा टोचून जमलं नाही तर अनुभवी हाताला बोलवा. दर नव्या प्रयत्नात आवरणाला आणखी एक भोक पडू शकतं.

रुग्णाने काय करायचं? लघवीला जाऊन या. भुलेचं औषध देणार नसतील तर उपाशी राहायची गरज नसते. रिकाम्या पोटी उलट चक्कर येते. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी घेऊन पाठ बाहेर काढा म्हणजे मणक्यांमधली फट उघडते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नावासकट आधी सांगा, मनाने बंद करू नका.

"थोडंच काढा हो डॉक्टर"

ही विनवणी काळजीपोटी असते, पण नुकसान करते. शरीर तासाला सुमारे 20 मिलिलिटर पाणी नव्याने तयार करतं. 10 मिलिलिटर काढलं तर अर्ध्या तासात भरून निघतं. डोकेदुखी होते ती नंतर झिरपत राहिलेल्या पाण्यामुळे. बाटलीत गेलेल्या पाण्याशी तिचा संबंध दिसलेला नाही. मेंदूच्या आवरणाच्या टीबीची शंका असेल तर जीन एक्स्पर्ट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून बघण्यासाठी) निदान 6 मिलिलिटर लागतं. कमी नमुना दिला, रिपोर्ट अर्धवट आला, की पुन्हा टोचणं आलं. नमुना स्वतः लॅबमध्ये पोहोचवायचा असेल तर तासाभरात द्या आणि कल्चरची बाटली बर्फात ठेवू नका. ठाण्याहून तुर्भ्याला निघालात आणि ऐरोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात, तर तेवढ्यात पेशी फुटायला लागतात. जवळची लॅब बरी.

कमरेत सुई घातल्याने पांगळेपणा येईल ही भीतीही मनातून काढा. मोठ्या माणसात मज्जारज्जू सहसा कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, सुई तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामधून जाते.

नंतरच्या चुका

चोवीस तास उशी न घेता सपाट पडून राहिल्याने डोकेदुखी टळत नाही. 2016 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, फायदा दिसला नाही. पाठ मात्र आखडते, लघवीला त्रास होतो, वयस्कर माणसाच्या पायात गुठळीची भीती वाढते. अर्धा-एक तास पडून राहावं, चक्कर नाही ना बघावं आणि सावकाश उठावं. नारळपाण्याचा आणि सलाइनचा माराही तसाच. तहानेपुरतं प्या. हृदय किंवा किडनीच्या रुग्णाला जबरदस्तीचं पाणी बाधतं.

घरी जाताना लोकलमध्ये लोंबकळत किंवा बाइकवर मागे बसून जाऊ नका, त्या दिवशी गाडीची सीट मागे कलवून बसा. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांनी भोक मोठं होत नाही, पण डोकं दुखायला लागलं असेल तर जाममध्ये ताठ बसणं असह्य होतं. सिलेंडर, पाण्याची कळशी दोन-चार दिवस उचलू नये. याला भक्कम पुरावा नाही, तरी सांभाळलेलं बरं.

दुखायला लागलंच तर आडवं व्हा आणि पॅरासिटामॉल घ्या: मोठ्या माणसाला 500 मिलिग्रॅमच्या एक ते दोन गोळ्या, मध्ये सहा तास सोडून, तेही लिव्हरचा आजार नसेल तर. पावसाळ्यात ताप आणि डेंगीची शंका असताना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक स्वतःहून घेऊ नका. कॅफिनने काही तास आराम मिळतो, पण उपचारातला डोस 300 मिलिग्रॅमच्या आसपास असतो. कटिंग चहातून तेवढं मिळत नाही. फिट्स येणाऱ्यांनी, बीपी जास्त असणाऱ्यांनी आणि अंगावर पाजणाऱ्या आईने विचारल्याशिवाय कॅफिनची गोळी घेऊ नये.

सिझरनंतरच्या डोकेदुखीकडे इथे खास लक्ष हवं. "वारं लागलं" म्हणून कानाला फडकं बांधून आठवडा काढला जातो. बाळ घेऊन बसताच डोकं ठणकत असेल तर कमरेतल्या भुलेच्या सुईचा विचार करा, आणि त्याच दिवशी बीपी मोजून घ्या. बाळंतपणानंतर वाढलेल्या बीपीनेही डोकं दुखतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

बहुतेकांचं दुखणं एक-दोन आठवड्यांत आपोआप थांबतं. तेवढं सोसण्याची सक्ती मात्र नाही. उठून बसणंच जमत नसेल तर भूलतज्ज्ञ ब्लड पॅच करतात: रुग्णाच्याच हातातलं साधारण 15 ते 20 मिलिलिटर रक्त पाठीत आवरणाच्या बाहेर सोडतात, ते गोठून भोक बुजवतं. पुष्कळांना काही तासांतच फरक पडतो. पहिल्या 48 तासांत केला तर तो टिकण्याची शक्यता कमी असते. ताप असेल, रक्तात जंतुसंसर्ग असेल किंवा रक्त नीट गोठत नसेल तर करत नाहीत.

ताप, फिट, एकाचे दोन दिसणं, पाय लुळे पडणं, लघवी अडकणं, सुईच्या जागेतून पाणी गळणं, किंवा आधी झोपल्यावर थांबणारं डोकं आता झोपूनही दुखणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका. 108 ला फोन करा किंवा थेट कॅज्युअल्टीत जा. सोबत डिस्चार्जचा कागद न्या, आणि त्यावर पंक्चरची तारीख, सुईचा प्रकार व नंबर आणि किती वेळा टोचावं लागलं हे घरी निघण्याआधीच लिहून घेतलेलं असू द्या.